वडीलधाऱ्यांचें न सांगितलेलें दुखणें

गेल्या महिन्यांत ह्या सदरांत वृद्धांच्या निद्रेविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर एका वाचकांचें पत्र आलें. नांव-गांव छापूं नये अशी त्यांची विनंति आहे, आणि पत्राचा विषय पाहतां ती योग्यच आहे. ते लिहितात, "झोंप न येण्याचें माझें कारण आपल्या लेखांत कोठेंच नाहीं. मला रात्रीं पांच वेळां उठावें लागतें. डॉक्टर प्रोस्टेटची शस्त्रक्रिया करा म्हणतात. परंतु त्यानंतर लघवी आवरत नाहीं, लहान मुलाप्रमाणें जन्मभर कपडे बदलावे लागतात, असें आमच्या सकाळीं फिरावयास येणाऱ्या मंडळींत बोललें जातें. हें खरें काय ? घरांत मुलगा आहे, सून आहे. पण विचारावयाचें कोणास?"

हें पत्र वाचून आमच्या घरांतील एक गोष्ट आठवली. आमचे थोरले बंधु, ज्यांस आम्ही सर्व अण्णा म्हणतों, ते आज पंचाहत्तरीच्या घरांत आहेत. चार वर्षांपूर्वीं त्यांची हीच शस्त्रक्रिया झाली. ती चांगली झाली, लघवीची धार मोकळी झाली, आणि थोड्याच दिवसांत ते घरीं आले. परंतु महिना लोटला तरी अण्णा देवघरांत जाईनात. पन्नास वर्षांत ज्यांची पूजा चुकली नाहीं, त्यांनीं ती नातवाकडे सोंपविली. कीर्तनास जाणें सुटलें. पंक्तीला बोलावलें तर "तुम्ही बसून घ्या, मी मागाहून बसेन" असें म्हणत. वहिनींना वाटलें, अशक्तपणा आला. मुलाला वाटलें, बाबांचें मन संसारांतून उडालें. आणि मला, खरें सांगावयाचें तर, त्यांचा थोडा रागच आला. चार महिन्यांनीं एके दिवशीं आम्ही दोघेच ओटीवर बसलों असतां त्यांनीं खालीं पाहून सांगितलें, "अरे, पाटावरून उठतांना थेंब पडतात. सोंवळें विटाळतें. ओल्या धोतरानें देवाला शिवूं कसा ?"

चार महिने ह्या गृहस्थांनीं हें एकट्यानें सोसलें होतें. त्यांना घेऊन मी पुन्हां तज्ज्ञांकडे गेलों. त्यांनीं विचारलेल्या प्रश्नांतून निष्पन्न झालें तें असें : शस्त्रक्रियेपूर्वींही अण्णांना लघवीची भावना होतांच धांवावें लागे, आणि मोरीच्या दाराशीं पोंचेपर्यंत कित्येकदां धोतर भिजे. गळतीच्या भीतीनेंच त्यांनीं शस्त्रक्रिया दोन वर्षें लांबणीवर टाकली होती. आणि ह्यांपैकीं एकही गोष्ट त्यांनीं पहिल्या तपासणींत सांगितली नव्हती. कारण त्या वेळीं खोलींत सूनबाई शेजारीं उभ्या होत्या. "थोडा त्रास आहे" एवढेंच ते बोलले होते.

मी वैद्य नाहीं, शाळामास्तर आहें. परंतु त्या दिवसापासून हा विषय मीं जाणत्यांस विचारून व वाचून समजावून घेतला. पत्रलेखकांच्या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत असें आहे कीं, कायमची गळती थोड्यांच्या वांट्यास येते, आणि कोणास तिचा धोका अधिक हें पुष्कळ अंशीं आधींच ओळखतां येतें, मात्र रोग्यानें तोंड उघडलें पाहिजे.

प्रथम स्थान समजून घेऊं. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशीं, मूत्रमार्गाला चोहोंकडून वेढून एक ग्रंथि असते. तिला मराठींत पौरुषग्रंथि म्हणतात, व बोलण्यांत सर्वत्र प्रोस्टेट. तरुणपणीं तिचें वजन सुमारें २० ग्रॅम असतें. पन्नाशीनंतर ती हळूहळू वाढूं लागते. सूक्ष्मदर्शकानें पाहिलें तर पन्नास ते साठ ह्या वयाच्या सुमारें निम्म्या पुरुषांत, व ऐंशी उलटलेल्या शंभरांतील ऐंशीहून अधिक पुरुषांत ही वाढ आढळते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. ती आंतील वाट आवळते, म्हणून धार बारीक होते, लघवी सुरू होण्यास वेळ लागतो, आणि मूत्राशय पुरता रिता होत नाहीं.

आपल्या पूर्वजांस ही व्यथा अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं वाताष्ठीला ह्या प्रकारांत मलमार्ग व बस्ति ह्यांच्या मध्यें वायु गोट्यासारखी कठीण, न हलणारी गांठ उत्पन्न करितो व त्यायोगें मलमूत्राचा अवरोध होतो, असें वर्णन आहे. आजचे अनेक वैद्य ह्या गांठीचा संबंध वाढलेल्या प्रोस्टेटशीं लावतात. अर्वाचीन शस्त्रक्रियेचा एक धागाही हिंदुस्थानास येऊन मिळतो. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्यें सुमारें वीस वर्षें नोकरी करून परतलेले आयरिश शल्यवैद्य पीटर फ्रेयर ह्यांनीं पोट उघडून ही गांठ समूळ काढण्याची रीति लंडनमध्यें १९०१ सालीं प्रसिद्धीस आणली. पुढें १९२६ मध्यें न्यूयॉर्कचे मॅक्सिमिलियन स्टर्न ह्यांनीं मूत्रमार्गांतूनच उपकरण घालून गांठ खरवडण्याचें साधन पुढें मांडलें. त्याच्या सुधारलेल्या रूपानें होणाऱ्या शस्त्रक्रियेस आज टी. यू. आर. पी. म्हणतात. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत न्यूझीलंडचे पीटर गिलिंग ह्यांनीं होल्मियम लेसरनें संपूर्ण गांठ सोलून काढण्याची पद्धति रूढ केली. ती होलेप होय.

आतां गळती कां होते तें पाहूं. लघवी रोखून धरणारे दोन दरवाजे असतात. एक मूत्राशयाच्या तोंडाशीं. तो आपल्या इच्छेवांचून आपोआप मिटलेला राहतो. दुसरा प्रोस्टेटच्या खालीं. हा आपल्या इच्छेच्या अधीन असून आपण लघवी दाबून धरतों ती त्याच्या बळावर. गांठ काढतांना वरचा दरवाजा बहुधा तिच्याबरोबर जातो किंवा दुर्बळ होतो, आणि घराचा सगळा पहारा खालच्या एकट्या पहारेकऱ्यावर येऊन पडतो. तो सशक्त असेल तर कांहीं बिघडत नाहीं. तो आधींच थकलेला असेल, किंवा शस्त्रक्रियेंत त्याला धक्का लागला, तर खोकतांना, शिंकतांना, पाटावरून उठतांना थेंब निसटतात.

गळतीचा दुसरा प्रकार दरवाजाचा नव्हे, मूत्राशयाचाच आहे. वाट वर्षानुवर्षें तुंबलेली असली म्हणजे मूत्राशयाचे स्नायु जोर करून करून जाड व चिडखोर होतात, आणि थोडें मूत्र सांचतांच अवेळीं आकुंचन पावतात. वाट मोकळी झाली तरी ही खोड लगेच जात नाहीं. उलट पूर्वीं अडथळाच बांधासारखा आड येत होता. तो निघाल्यावर तीच घाई अधिक जाणवते. अण्णांच्या ठिकाणीं हे दोन्ही प्रकार एकत्र होते.

धोका कोणास अधिक, हें आतां क्रमानें सांगतों.

पहिलें कारण वय. वयाबरोबर खालच्या दरवाजाचे स्नायुतंतु विरळ होत जातात, म्हणून ऐंशीच्या पुढील रोग्यास साठीच्या रोग्याहून भय अधिक. दुसरें, गांठीचें आकारमान. गांठ फार मोठी असली तर ती काढण्यास वेळ लागतो, उपकरणाचा ताण दरवाजावर अधिक काळ पडतो, आणि मागें मोठी पोकळी राहते. तिसरें, शस्त्रक्रियेपूर्वींच असलेली घाई व घाईंतील गळती. हें अत्यंत महत्त्वाचें लक्षण असून, रोगी नेमकें हेंच लपवितो.

चौथें कारण मेंदू व मज्जातंतूंचे विकार. पक्षाघात, कंपवात म्हणजे पार्किन्सनचा विकार, स्मृतिभ्रंश, पाठीच्या कण्याची जुनी इजा ह्यांत मूत्राशयावरील मेंदूची हुकमत ढिली झालेली असते. त्या वेळीं त्रासाचें मूळ सगळें प्रोस्टेटमध्यें असेलच असें नाहीं. कंपवातासारखाच दिसणारा, मल्टिपल सिस्टिम अॅट्रोफी नांवाचा एक वेगळा विकार आहे. त्यांत ही शस्त्रक्रिया केल्यास गळती मागें राहण्याचा संभव फार. म्हणून हात कांपत असतील, चालतांना तोल जात असेल, उभें राहतांच घेरी येत असेल, तर आधीं मज्जाविकार-तज्ज्ञांचें मत घ्यावें.

पांचवें, मधुमेह. तो मूत्राशयाच्या नसा बधिर करितो, लघवीचें प्रमाण वाढवितो व जंतुदोषास वाव देतो. सहावें, स्थूलपणा. पोटाचा भार अहोरात्र मूत्राशयावर पडत राहतो. सातवें, त्या जागीं पूर्वीं झालेली शस्त्रक्रिया, किंवा कर्करोगासाठीं दिलेला किरणोपचार. त्यानें तेथील मांस कठीण होतें व दरवाजा नीट मिटत नाहीं. आठवें कारण रोग्याच्या देहांत नसून शल्यवैद्याच्या हातांत आहे. मूत्रमार्गांत एक लहानसा उंचवटा असतो. त्याच्या खालीं उपकरण न चालविणें ही खालच्या दरवाजाच्या रक्षणाची सीमारेषा आहे. ती पाळण्याचें कौशल्य सरावानें येतें. विशेषतः लेसरनें गांठ सोलण्याची विद्या हस्तगत होण्यास बराच काळ लागतो, आणि नवख्या हातून आरंभीची गळती अधिक आढळते. म्हणून "आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत ?" असें नम्रपणें विचारण्यांत मुळींच उद्धटपणा नाहीं. मुलीला स्थळ पाहतांना आपण याहून अधिक प्रश्न विचारतों.

ही यादी वाचून कोणी गर्भगळित होऊं नये. नळी काढल्यानंतरच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत थोडीफार गळती किंवा घाई पुष्कळांना होते. शंभरांतील तीस-चाळीस जणांपर्यंत हा आंकडा जातो. आंतील जखम ओली असते, दाह असतो, आणि मूत्राशयाला नवी शिस्त लागावयाची असते. बहुतेकांची ही गळती कांहीं आठवड्यांत, क्वचित् सहा महिन्यांपर्यंत, आपोआप ओसरते. जोर पडतांच होणारी गळती कायमची राहिली असे रोगी शंभरांत एक-दोन, कित्येक ठिकाणीं त्याहूनही कमी. फिरावयास जाणाऱ्या मंडळींत ज्या भयंकर हकीकती ऐकूं येतात, त्यांतील बऱ्याच कर्करोगासाठीं संपूर्ण प्रोस्टेट काढलेल्या रोग्यांच्या असतात. ती शस्त्रक्रिया निराळी. तिच्यांत ग्रंथि आवरणासकट काढून मूत्रमार्ग पुन्हां जोडावा लागतो, व गळतीचें प्रमाणही अधिक असतें. दोहोंचें नांव सारखें वाटतें, म्हणून एकीचें भय दुसरीस चिकटतें.

आणि ह्या भयाचा परिणाम काय होतो ? प्रत्येकास शस्त्रक्रिया लागते असें नाहीं. पुष्कळांचें औषधांवर उत्तम चालतें. परंतु लघवी वारंवार पूर्ण अडणें, पुन्हां पुन्हां जंतुदोष होणें, मूत्राशयांत खडे होणें, लघवींतून वारंवार रक्त जाणें किंवा मूत्रपिंडांवर ताण येणें, ह्यांपैकीं कांहीं झालें म्हणजे ती टाळणें हिताचें नसतें. त्यानंतरही जो भीतीनें दिवस ढकलतो, त्याचा मूत्राशय दर महिन्यास अधिक बिघडत जातो. कित्येकांचा तर इतका तुंबतो कीं भरलेल्या हंड्यांतून पाणी सांडावें तशी लघवी थेंब थेंब गळते; रोग्यास वाटतें कीं लघवी फार होते, आणि वस्तुतः ती अडलेली असते. म्हणजे गळतीच्या भयानें शस्त्रक्रिया टाळणारा मनुष्य गळतीचेंच एक कारण आपल्या हातानें वाढवीत असतो. अण्णांच्या दोन वर्षांचा हिशेब हा असा आहे.

तेव्हां शस्त्रक्रियेपूर्वीं काय करावें ? तीन दिवस एक लहानशी वही जवळ ठेवावी. किती वाजतां लघवीस गेलों, मापाच्या भांड्यांत किती झाली, घाई होती काय, कपडे भिजले काय, काय व किती प्यालों, एवढें तींत लिहावें. तज्ज्ञांस ह्या वहीचा फार उपयोग होतो. लघवीची जंतूंसाठीं तपासणी, धारेचा वेग, आणि लघवी केल्यानंतर आंत किती उरते ह्याची सोनोग्राफी करून घ्यावी. मज्जातंतूंचा विकार असेल तर मूत्राशयाच्या आंतील दाबाची तपासणी लागेल काय, हें विचारावें. चालूं असलेलीं सगळीं औषधें दाखवावीं. साखर आटोक्यांत आणावी, वजन कांहीं उतरवितां आलें तर उतरवावें, बद्धकोष्ठ मोडावें. आणि तज्ज्ञांजवळ दहा मिनिटें एकांत मागून घ्यावा. सूनबाईंनीं त्या वेळीं बाहेर बसावें. त्यांत त्यांचा अपमान नाहीं, सासऱ्यांची सोय आहे.

कटितळाच्या स्नायूंचा व्यायाम शस्त्रक्रियेपूर्वींच शिकून ठेवावा. अमेरिकन वैद्य आर्नोल्ड केगेल ह्यांनीं १९४८ मध्यें तो स्त्रियांसाठीं प्रसिद्ध केला. पुरुषांसही तो उपयोगी पडतो. चारचौघांत बसलों असतां वायु सरूं नये म्हणून जे स्नायु आपण आंत ओढून धरतों, तेच आवळावे. मनांत पांच ते दहा आंकडे मोजावे, तितकाच वेळ सैल सोडावे. असें दहा वेळां, दिवसांतून तीनदां. हठयोगांतील मूलबंधाशीं ह्याचें साम्य दिसेल, परंतु येथें श्वास कोंडावयाचा नाहीं, पोट व मांड्या ताणावयाच्या नाहींत, आणि लघवी करतांना मध्येंच धार तोडून सराव करावयाचा नाहीं. नळी असेपर्यंत थांबावें; ती निघाल्यावर डॉक्टरांच्या अनुज्ञेनें पुन्हां आरंभ करावा. फळ दिसण्यास दीड ते तीन महिने लागतात; आपल्या विद्यार्थ्यांना शब्दरूपें पाठ व्हावयासही तेवढेच लागत.

शस्त्रक्रियेनंतर पाणी तोडूं नये. पाणी कमी केल्यानें लघवी दाट होऊन घाई वाढतेच. मात्र तें दिवसां प्यावें, दिवेलागणीनंतर कमी करावें, आणि चहा-कॉफी आवरती घ्यावी. थंडी वाजून ताप आला, लघवी अडली, किंवा रक्ताच्या गुठळ्या पडूं लागल्या तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. घाईच्या गळतीस औषधें आहेत. सहा महिने ते वर्षभर व्यायाम व औषधें करूनही गळती राहिलीच, तर आधार देणारी पट्टी किंवा कृत्रिम दरवाजा बसविण्याची सोय आहे; असा कृत्रिम दरवाजा माणसाच्या शरीरांत प्रथम १९७२ मध्यें बसविला गेला. म्हणजे अगदीं शेवटच्या पायरीवरही मनुष्य निरुपाय होत नाहीं.

आतां घरांतील मंडळींस दोन शब्द. वडीलधारा मनुष्य एकाएकीं पंक्तींतून उठूं लागला, प्रवास टाळूं लागला, देवघरापासून दूर राहूं लागला, तर त्याच्या स्वभावास दोष देण्यापूर्वीं हें कारण मनांत आणावें. हा प्रश्न त्याच्या मुलानें किंवा भावानें, एकांतांत, साध्या शब्दांत विचारावा. रात्रीं मोरीपर्यंतच्या वाटेवर दिवा असावा, अंथरूण तिच्याजवळ असावें, धुतलेलें धोतर व पंचा हाताशीं ठेवावा. पॅड मिळतात, ते मुलानें न बोलतां आणून त्याच्या कपाटांत ठेवावे. नातवंडांनीं हंसूं नये, हें आईबापांनीं पाहावें.

सोंवळ्याविषयींही बोललें पाहिजे, कारण आपल्या घरांतून खरी बोच तेथें असते. शास्त्रकारांनीं आतुराचा, म्हणजे रुग्णाचा, विचार निराळा केला आहे. निरोग्याचे नियम त्यावर जसेच्या तसे लादलेले नाहींत. वस्त्र बदलतां येतें, हातपाय धुतां येतात, आणि तेंही न झालें तर मानसपूजा आहेच. जो देव चार महिने अण्णांवांचून राहिला, त्याला त्यांच्या धोतरापेक्षां त्यांचीच उणीव अधिक भासली असेल, असें मीं त्यांना त्या दिवशीं ओटीवर म्हटलें. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. परंतु औषध घेतलें, साखर सांभाळली, व्यायाम एक दिवस न चुकवितां केला, आणि आठव्या महिन्यांत एका सकाळीं देवघरांतून पळी-पंचपात्राचा आवाज आला. वहिनी स्वयंपाकघरांतून नुसत्या ऐकत उभ्या राहिल्या. आजही अण्णांस कधींमधीं जोराची शिंक आल्यास थेंब पडतो. ते उठतात, वस्त्र बदलतात, पुन्हां येऊन बसतात. घरांत कोणी कांहीं बोलत नाहीं.

हें सगळें एवढ्या तपशिलानें लिहिण्याचें आणखी एक कारण आहे. येत्या मार्गशीर्षांत माझीही हीच शस्त्रक्रिया ठरली आहे. वय सदुसष्ट, साखर थोडी अधिक, घाई आहे. म्हणजे वर सांगितलेल्या यादींतील तीन कारणें माझ्याच नांवावर जमा आहेत. तीन दिवसांची वही मीं भरली. गेल्या आठवड्यांत तज्ज्ञांकडे गेलों तेव्हां मुलाला मुद्दाम बरोबर नेलें, आणि "ह्या महिन्यांत दोनदां कपडे भिजले" हें त्याच्यासमोर सांगितलें. सांगतांना कान तापले, हें कबूल करतों. तज्ज्ञांनीं वही पाहिली, एक तपासणी वाढविली, आणि आरंभीं कांहीं आठवडे त्रास होण्याचा संभव आहे हें स्पष्ट सांगितलें. परत येतांना मुलगा वाटेंत एवढेंच म्हणाला, "बाबा, हें आधीं कां नाहीं सांगितलेंत ?"

पत्रलेखक महाशय, आपल्या घरांतही असाच एक मुलगा आहे. त्याला आज रात्रींच जवळ बोलवा.